पन्हाळ्याच्या कड्यात शार्कचे दात का नाहीत

आमच्या भाच्याला शार्कचे दगड झालेले जुने दात दाखवले तेव्हापासून त्यानं एकच लावून धरलंय, मामा पन्हाळ्याच्या कड्यात पण असेच थर आहेत की, मग रविवारी जाऊया की तिथं. प्रश्न चुकीचा नाही हो. नीट उत्तर द्यायचं तर आधी दात कुठनं आणले ते सांगायला पाहिजे.

धाकटा भाऊ व्हर्जिनियात असतो, त्याच्याकडं गेलो होतो. बाकीची मंडळी वॉशिंग्टन बघायला गेली आणि आम्ही दोघं पोटोमॅक नदीच्या काठाला, वेस्टमोरलँड स्टेट पार्क म्हणून आहे तिथं. झाडीतनं पायवाट खाली उतरते आणि फॉसिल बीच लागतो. पंचगंगा डोक्यात धरून गेलेला माणूस तिथं गप्पच होतो, पलीकडचा काठ नुसती रेघ, आणि नदी असून पाण्याला भरती-ओहोटी! शेजारी हॉर्सहेड क्लिफ्स, राखाडी, पिवळट, तांबूस असे आडवे पट्टे असलेला उभा कडा. हा सगळा एकेकाळचा समुद्राचा तळ, मायोसीन काळातला, म्हणजे साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचा. लाटांनी कडा खालनं झिजतो, वरचा भाग ढासळतो, माती पाण्यात विरघळते आणि दात वाळूत उरतात. म्हणून वादळ होऊन गेल्यावर, ओहोटीला जायचं. कडा खणायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, दरड अंगावर यायला वेळ लागत नाही. तरी काहीजण वर बोर्ड वाचून खाली येऊन कड्यात काठ्या खुपसत होते, कपाळ आमचं.

आता शोधायचं कसं. भाऊ म्हणाला दादा, दात शोधू नकोस, चमक शोध. सुरुवातीला सगळंच काळं दिसतं, खडे काळे, शिंपल्यांचे तुकडे काळे, लाकडाच्या ढलप्या काळ्या. मग कधीतरी डोळा बसतो. ओल्या वाळूत एखादी गोष्ट जरा जास्तच काळी, जास्तच गुळगुळीत आणि नको तितकी नेमकी त्रिकोणी दिसते, ती उचलायची. वरचा भाग काचेसारखा लकाकतो कारण त्यावर इनॅमलसारखं कठीण आवरण असतं, आणि मूळ मात्र खरबरीत, मळकट. रंग शार्कचा नव्हे, ज्या गाळात दात पुरला गेला त्यातल्या खनिजांचा.

दातच का सापडतात, अख्खा शार्क का नाही? कारण त्याचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसली वस्तू, ती कुजून जाते. दात मात्र तो जन्मभर पाडत असतो, मागच्या रांगेतला पुढं येतो, हजारोंनी. त्यामुळं एकेका शार्कनं एवढा माल मागं ठेवलाय.

मला सगळ्यात आवडलेला दात हेमिप्रिस्टिस नावाच्या शार्कचा, अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूला वाकलेला, कडेला करवतीसारखे मोठे दाते, नखानं ओढलं तर अजून अडकतात. लोक मात्र तिथं येतात ते मेगालोडॉनच्या, म्हणजे आता नामशेष झालेल्या अवाढव्य शार्कच्या नादानं. त्याचे दात सात इंचांपर्यंत भरतात हे खरंय, पण तेवढ्यासाठी बारके दात तुडवत जायचं म्हणजे जोतिबाला जाऊन नुसता पार्किंगचा फोटो काढून आल्यासारखं.

तर पन्हाळा. भाच्याला म्हटलं थर म्हणजे थर नसतोय भावा. पोटोमॅकचे थर पाण्यात गाळ बसून झाले, आपले लाव्ह्याचे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतनं लाव्हा आला, पसरला, गार झाला, त्यावर परत दुसरा, असं करत सह्याद्री उभा राहिला. मेगालोडॉन पृथ्वीवर यायच्या चारेक कोटी वर्षं आधीचा हा मामला, आणि त्यात समुद्राचा गाळ नाहीच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा जांभा म्हणजे तोच खडक पावसानं कुजून झालेला. बेसाल्टच्या, म्हणजे या लाव्ह्याच्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळतील, पण दात नाही.

पठ्ठ्याचं तोंड पडलं. मग सांगितलं की भारतात पण मिळतात. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात बारीपाद्याजवळ बुढाबलंग नदीच्या काठाला मायोसीनचेच समुद्री थर उघडे पडलेत, आणि त्यात शार्कचे दात सापडलेत, मेगालोडॉनचा पण. कच्छात तर त्याहून जुने. हे ऐकल्यावर त्यानं पन्हाळा सोडला, आता रोज मोबाईलवर बारीपाद्याच्या गाड्या बघतोय आणि आमची बहीण मला फोनवर शिव्या घालतीय, परीक्षा तोंडावर आलीय म्हणून.