हर्णैची मडम

मला पाचवीत मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा आजी दोन दिवस नीट जेवली नाही. "पोर बाटेल," एवढंच म्हणायची. पण फी परवडणारी आणि शाळा चाळीपासून चार मिनिटांवर, म्हणून तिचं कोणी मनावर घेतलं नाही.

बाटण्याजोगं मला तिथे काही सापडलं नाही. प्रार्थनेला उशीर झाला की जिन्याखाली उभं राहायचं, एवढंच. तिथे रेव्हरंड जॉन विल्सन यांची तसबीर होती. काच इतकी मळलेली की चेहऱ्यापेक्षा कॉलरच जास्त दिसे. माझी त्या कॉलरशी चांगलीच ओळख झाली.

नववीत मराठीच्या बाईंनी विल्सन दांपत्यावर तीन मिनिटांचं भाषण करायला सांगितलं. मी वाचनालयात बसले आणि साहेबांपेक्षा त्यांच्या बायकोतच अडकले. विल्सन स्कॉटलंडमधल्या लॉडरचे, १८०४ चा जन्म, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे पाळक. मार्गारेटबाई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. (हे वाक्य बाईंनी लाल पेन्सिलने काढलं.) लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १८२९ च्या फेब्रुवारीत दोघं मुंबईत उतरली. मराठी शिकायला आधी कोकणात, बाणकोट-हर्णैला गेली. मुंबईला परतल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, थोड्याच महिन्यांत सहा. साहेबांनी १८३२ मध्ये आंब्रोलीला इंग्रजी शाळा काढली, तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. चौपाटीवरची इमारत मात्र १८८९ ची, साहेब जाऊन चौदा वर्षं झाल्यावरची. त्यांनी ती पाहिलीच नाही.

भाषणात मी "मार्गारेटबाई १९३५ साली वारल्या" असं ठणकावून सांगितलं. म्हणजे वय एकशे चाळीसच्या घरात! पहिल्या रांगेत खसखस पिकली. खरं साल १८३५. मुंबईत त्यांना जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्याच वर्षी विल्सन गिरनारला जाऊन अशोकाचा शिलालेख पाहून आले होते. पुढे त्यांच्यासाठी केलेली त्या लेखाची नक्कल कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपच्या, म्हणजे अशोकाची लिपी उलगडणाऱ्या साहेबाच्या, हाती पडली.

भाषणात न मावलेली एक गोष्ट मला जास्त लागली. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सनांकडे बाप्तिस्मा घेतला. गावभर खळबळ माजली, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढली. आजीची धास्ती तिची एकटीची नव्हती, चांगली सव्वाशे वर्षं जुनी होती. मी तिला हसत होते, ते तेव्हा थांबलं.

साहेबांनी १८४६ मध्ये इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरं लग्न केलं. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलगा अँड्र्यू मात्र पाळक न होता पत्रकार आणि भटक्या निघाला, हिमालयावर पुस्तक लिहून बसला. ते छापलं गेलं १८७५ मध्ये, त्याच वर्षी डिसेंबरात वडील मुंबईत वारले. आणि चुमा! आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनने मुंबईत ठेवलेला हा आफ्रिकी मुलगा विल्सनांच्याच शाळेत शिकला. पुढे लिव्हिंग्स्टनचा देह सोबत्यांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. हे मी भाषणात घातलं असतं तर १९३५ कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

त्या संध्याकाळी आजी तांदूळ निवडत बसली होती. तिचं माहेर हर्णैचं. मी सांगितलं, मडम मराठी शिकली ती तुझ्या हर्णैला. तिचा हात सुपात थांबला.

"आमच्या हर्णैला? मग वाईच बरं बोलत असेल गो," ती म्हणाली, आणि खडे बाजूला काढू लागली.

दुसऱ्या दिवशी माझा डबा तिने भरला.