केनी व्हीलर, काळी पाच आणि आपली बँड पार्टी

वरातीत डीजेपुढे टिकायचं म्हणून आपल्याकडचा ट्रम्पेटवाला जीव तोडून फुंकतो. जालना-परभणीच्या बँड पार्ट्यांतल्या पोरांनी म्हणूनच जॅझमधला ट्रम्पेटवाला केनी व्हीलर ऐकावा. टोरंटोत १९३० साली जन्मला, १९५२ मध्ये लंडनला आला आणि २०१४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथलाच झाला. मध्ये मध्ये कॅनडात बॅन्फच्या जॅझ कार्यशाळेत शिकवायला जायचा. जॉन डँकवर्थच्या ऑर्केस्ट्रात असताना दातांच्या दुखण्याने त्याचं वाजवणं बंद पडलं, तर डँकवर्थने त्याला रचना करायला लावल्या. त्यातून पवनचक्क्यांशी लढणाऱ्या कादंबरीतल्या डॉन किहोतेवरचा ‘विंडमिल टिल्टर’ हा अल्बम आला. दाढ ठणकत असताना माउथपीस दाबून सीझन काढणाऱ्यांनी हे वाचून आधी डॉक्टर गाठावा.

१९७५ मध्ये रेकॉर्ड झालेल्या ‘नू हाय’ या अल्बममध्ये तो फ्लुगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटचं भावंड, वाजवतो. नळी ट्रम्पेटएवढीच, सुमारे दीड मीटर, बोटंही तीच. पण ती रुंदावत जाते, माउथपीसही खोल, म्हणून आवाज गोल. ट्रम्पेटचा माउथपीस त्यात कोंबू नका, दांडी वेगळी असते.

त्याच्या सुरावटी पेटीवर बसवताना घोळ होतो तो पट्टीचा. पिस्टन (बोटांनी दाबायचे खटके) न दाबता ट्रम्पेटचा सा काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला, लागतो. पेटी पांढरी एकवर असली की सा एक पूर्ण स्वर वर सरकतो, आणि खालचा सा नेमका पहिल्या-तिसऱ्या पिस्टनवर येतो. तो चढाच लागणार. तिसऱ्याची जादा नळी एकट्याच्या हिशेबाने कापलेली असते. पहिलाही दाबला की ती अपुरी पडते. तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी, साधारण एक सेंटिमीटर बाहेर ढकला. ओठ ढिले सोडून सूर उतरवलात तर आवाज मरतो. वरचा सा नुसत्या पहिल्यावर आहे, तिथे स्लाइड परत आत.

मे महिन्यात तर सगळाच ट्रम्पेट चढतो. आधी पाच मिनिटं वाजवून तापू द्या, मग पेटीशी मिळवा. मुख्य स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास पाव हिश्श्याने उतरतो.

व्हीलरची खरी खासियत लांब उड्या. सा ते वरचा सा, मग त्यापुढचा प, तेही हळू आवाजात. वर जाताना माउथपीस ओठांवर रुतला तर रक्त अडतं, ओठ बधिर होतात, पुढचा सूर फुटतो. तसं जाणवलं की प सोडा, सा-सा वरच थांबा. वरातीच्या दिवशी हा रियाझ नकोच.