व्हरांड्यातला अर्धा तास

सोमवार, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. दवाखाना भरलेला, आणि काका आत आले ते हसतच. वय ५३, एसटीत चालक. चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा बीपी १६४/१०२ होतं, बसल्या जागी नाडी ८८. मी गोळी सुरू केली होती आणि आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालायला सांगितलं होतं.

"पहाटेची ड्युटी असली तर संध्याकाळी चालतो, मॅडम. पण चालतोच."

वजन तीन किलो उतरलं होतं, नाडी ७२. मला फार बरं वाटलं. पट्टा बांधला. १५६/९८. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तेवढंच.

"गोळी घेताय ना?"

"ती महिना झाला बंद केली. चालतोय ना रोज, मग कशाला?"

मला बोलणं सुचेना. रागावणार तरी कुणावर? केसपेपरवर गोळीचं नाव आणि खाली 'चालणे' असं मीच लिहिलं होतं. कोण काय काम करतं, हे सांगायला त्या दिवशी दोन मिनिटं काढली नव्हती. काकांना वाटलं, दोन्हींपैकी एक केलं की भागलं.

छातीत दुखणं, धाप, चक्कर यातलं काही नव्हतं. ईसीजी काढला, तोही ठीक. मग म्हटलं, "काका, अर्धा तास आहे? मागच्या व्हरांड्यात चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं."

तोवर मी चार पेशंट तपासले. चालून झाल्यावर काकांना पंधरा मिनिटं बसवलं आणि त्यांच्यासमोरच मोजलं. १४४/९०.

"बघा, उतरलं की नाही!" काका खूश झाले.

उतरलं होतंच. चालताना स्नायूंना रक्त लागतं, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या अस्तरातून त्यांना सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू पाझरतो आणि थांबल्यावरही काही तास त्या तशाच सैल राहतात. पण काही तासच. काही महिने नेमानं चाललं, की एरवीचं बीपीही खाली येतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. काकांची नाडी ७२ वर आली ती बरीचशी त्यामुळेच.

"मात्र बीपीचा वरचा आकडा नेमानं चालून सरासरी पाच ते आठनं उतरतो," मी म्हटलं. "तुमचा होता १६४. त्यातून आठ वजा करा."

"एकशे छप्पन्न," काका म्हणाले आणि थबकले. सकाळी पट्ट्यावर आलेला आकडा तोच होता.

मग त्यांना लंडनच्या डबलडेकर बसची गोष्ट सांगितली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिलं, की बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. काका मन लावून ऐकत होते. "म्हणजे चालणं सोडायचं नाही."

"अजिबात नाही. हृदयाला त्याचा जो फायदा होतो, तो सगळा बीपीच्या आकड्यात दिसत नाही. पण १५६ च्या खालचं काम गोळीचं."

त्यांनी जुनी स्ट्रिप खिशातून काढली. चार गोळ्या उरल्या होत्या. "पहाटे साडेचारला गाडी काढायची असते. मग किती वाजता घेऊ?"