तुम्ही विचारलंत म्हणून: रेक्याविकच्या बारमधला फोटो

गेल्या सप्टेंबरपासून हा एकच प्रश्न ऐकतेय. हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. "बाई, गावात आडवी बाटली तुम्ही केलीत, आणि आइसलँडला जाऊन बारमध्ये बसलात? पुढ्यात ग्लास घेऊन?"

होय, बसले. ग्लास माझाच होता आणि त्यातले दोन-तीन घोट मी घेतले. तो भाच्याचा होता, मी नुसता फोटोपुरता धरला, असं माझ्या बाजूनं सांगणाऱ्या मैत्रिणींनी आता थांबावं.

गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या 2009च्या मतदानाचं तुम्हाला काय सांगायचं? सह्या आपण मिळूनच गोळा केल्या. ते देशीचं दुकान बंद पाडल्याचा मला पश्चात्ताप नाही. माझ्या तोंडून तो ऐकायला काही जण टपून बसलेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

पण त्यानंतरच्या जानेवारीबद्दल मी कुणाशीच बोलले नाही.

दुकान होतं तेव्हा माझा भाऊ घरापासून दोनशे पावलांवर प्यायचा. पोरगा जाऊन त्याला हाताला धरून आणायचा. दुकान बंद झालं आणि तो मोटारसायकल काढून नऊ किलोमीटरवरच्या परमिट रूमला जायला लागला. एकदा मला म्हणाला, "आक्का, तू दुकान आडवं केलंस, मला नाही." मला त्याचा राग आला. जिंकलेल्या माणसाला असलं ऐकवत नाही. त्या रात्री तो माझ्याकडंच जेवला. भाकरी, पावट्याची आमटी. गाडीची किल्ली खिडकीत होती, माझ्या हाताच्या अंतरावर. तो उठला, किल्ली घेतली, आणि तो कुठं निघालाय हे मला पक्कं माहीत होतं. मी भांडी आवरत राहिले. जाऊ दे, दमेल तेव्हा सुटेल, असं मनात म्हटलं. साडेअकराला फोन आला. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तेरा वर्षांचा भाचा बापाची एक चप्पल हातात घेऊन उभा होता. दुसरी सापडली नव्हती. माझ्याकडं बघून तो काहीच बोलला नाही.

तोच भाचा आज रेक्याविकला नोकरी करतो. शुक्रवारी संध्याकाळी एक बिअर पितो, एकच, हे त्यानं मला विमानतळावरून येतानाच सांगून टाकलं. "आत्या, तू माझ्याबरोबर तिथं बसावंस असं मला वाटतं," म्हणाला. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या शहरातल्या सगळ्यात जुन्या रस्त्यावर, आदालस्ट्राइतीवर, स्कूली नावाचा क्राफ्ट बिअरचा बार आहे. अठराव्या शतकात तिथं लोकरीचे कारखाने काढणाऱ्या स्कूली माग्नुसॉनचं ते नाव, त्याचा पुतळाही शेजारीच आहे. आत अंधार नव्हता, वास नव्हता, कुणी कुणावर ओरडत नव्हतं. भाच्यानं उल्फुर मागवली. उल्फुर म्हणजे लांडगा. चव कडू, संत्र्याच्या सालीसारखी.

नळापाशी उभ्या असलेल्या मुलीनं तिथल्या दारूबंदीची हकीकत सांगितली. 1908 साली कौल घेतला गेला आणि बंदीच्या बाजूनं मतं पडली, मात्र मतदान फक्त पुरुषांचं. 1915 पासून बंदी. मग स्पेननं बजावलं, आमची वाइन घेत नसाल तर तुमचे खारे मासे आम्ही घेणार नाही. म्हणून 1922 ला वाइन सुटली, 1935 ला कडक दारूही सुटली. सव्वादोन टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली बिअर मात्र 1 मार्च 1989 पर्यंत बंदच राहिली! कारण काय, तर ती स्वस्त पडेल आणि पोरं, कामगार बिघडतील. मग लोक काय करायचे? फिक्या बिअरमध्ये कडक दारू मिसळून ब्योरलिकी नावाचं मिश्रण प्यायचे. 1985 ला तेही बंद केलं.

ते ऐकताना मला खिडकीतली किल्ली दिसत होती. 2009 सालची मी तिथं असते तर तिला ठणकावलं असतं, की बंदी अर्धवट ठेवलीत म्हणून ही गत झाली. आजही ते मला खोटं वाटत नाही. पण ज्याला प्यायचीच आहे तो वाट काढतो, आणि ती वाट कुठून जाते हे आम्ही सह्या घेताना एकाही घरात विचारलं नाही, हेही खोटं नाही. तिथं नव्वदच्या दशकात पोरांचं पिणं फार वाढलं, तेव्हा आईबाप रात्री गटागटानं रस्त्यावर फिरायला लागले, पोरांना खेळाच्या मैदानाकडं वळवलं. पिणं खरोखर कमी झालं. आपण मतमोजणी झाली तशा घरी गेलो.

ग्लास अर्धा असताना भाच्यानं विचारलं, "आत्या, दुकान गावातच असतं तर बाबा असते का?"

"माहीत नाही," म्हणाले. दुकान असतं तर लिव्हर गेलं असतं, असं उत्तर मी चौदा वर्षं तयार ठेवलं होतं. त्याच्यासमोर ते देववलं नाही. त्यानं माझा हात धरला, आणि फोटो त्या मुलीनं त्यानंतर काढला. माझे डोळे तसे का दिसतात, हे तुमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या बायका मतदानाच्या तयारीसाठी येतायत. मी जाणार आहे. घोषणा देणार आहे. आणि घरोघर विचारणार आहे, की तुमच्यातला जो पितो तो दुसऱ्या दिवशी कुठं जाईल, कशानं जाईल, आणि गाडीची किल्ली कुणाकडं असेल.