एका पट्टीसाठी अख्खं दप्तर कशाला उलटायचं?

मार्चअखेर आली की सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडतीवर एकच तक्रार: सर्व्हर जड झालाय, रॅम वाढवा. हिशेबाचा डेटा ठेवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या सॉफ्टवेअरची फुकट एक्सप्रेस आवृत्ती, 2016 ते 2022 पैकी कुठलीही, असेल तर 32 जीबी रॅम घातली तरी डेटाच्या कॅशला, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये धरून ठेवायच्या जागेला, 1410 एमबीच मिळतात. पैसे पाण्यात.

आधी क्वेरी, म्हणजे डेटा मागणारी आज्ञा, मोजा, पण घड्याळावर नको. दुसऱ्यांदा चालवली की तीच क्वेरी कॅशमुळे झटकन येते आणि फसवते. 'सेट स्टॅटिस्टिक्स आयओ ऑन' करून लॉजिकल रीड्स बघा, म्हणजे 8 केबीची किती पानं वाचली ते.

समजा पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या मालविक्रीच्या हिशेबाच्या, टेबलात 8 लाख ओळी आहेत, ओळ साधारण 200 बाइटची. एका पानात 40 ओळी, म्हणजे 20,000 पानं. एका शेतकऱ्याच्या वर्षाच्या 30 पट्ट्या हव्यात आणि त्यासाठी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नसेल, तर ही सगळी पानं वाचली जातात. खातं आधी, तारीख नंतर असा इंडेक्स केला की शंभरेक पानांत भागतं: तीन पानं इंडेक्सची, मग प्रत्येक पट्टीमागे मूळ टेबलात तीन-तीन. वजन आणि रक्कम इंडेक्समध्येच 'इन्क्लूड' केली तर तीन-चार पानं पुरतात. क्रम उलटा, तारीख आधी, केलात तर वर्षभराच्या सगळ्यांच्याच पट्ट्या चाळाव्या लागतात.

इंडेक्स असून वाया जातो तो क्वेरीतल्या अटीत, 'व्हेअर'मध्ये. तारखेच्या कॉलमला 'इयर' किंवा 'मंथ' लावलं की प्रत्येक ओळीचं वर्ष काढत बसावं लागतं. त्यापेक्षा 1 एप्रिल 2024 पासून, 1 एप्रिल 2025 च्या आधी, असं लिहा. 'बिट्वीन'ला (पासून-पर्यंतची अट) शेवट म्हणून 31 मार्च दिलं आणि कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल, तर 31 तारखेच्या दिवसभराचे सौदे गळतात. बेरीज जुळत नाही आणि बोलणी खातो दिवाणजी.

तसंच मोबाइल क्रमांकाचं. कॉलम 'व्हारचार', म्हणजे मजकुराचा, असताना क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय दिला की अख्खा कॉलम आकड्यात बदलत स्कॅन होतो. त्यात कुणी एखादं अक्षर टाइप केलेलं सापडलं की क्वेरी एररच देते.

आणि रिपोर्ट अडकतोय म्हणून जिथे तिथे 'नोलॉक', म्हणजे दुसऱ्याचं सेव्ह पुरं होण्याची वाट न बघता वाचायची सूचना, चिकटवू नका. पट्टी अर्धी सेव्ह झालेली असताना हमाली-तोलाई वजा न होताच रक्कम दिसू शकते, आणि त्या आकड्यावर चेक फाडला जातो.