दाढेत टायटॅनियम आणि डोक्यात भुंगा

दाढ काढावी लागली, डेंटिस्ट म्हणाल्या इम्प्लांट करू, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप, आणि त्या रात्री मी मोबाईल घेऊन वाचत बसले ती थेट पहाटेपर्यंत. धातू शरीरात उतरतो, अ‍ॅलर्जी होते, परत एमआरआय करता येत नाही... झोपच उडाली. पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहूनच नेले.

एमआरआयचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, फार तर तेवढ्या जागेभोवती इमेज बिघडते, आधी सांगून ठेवायचं बास. टायटॅनियमची अ‍ॅलर्जीही क्वचितच. पण खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात (माझे चिघळतात!) त्यांनी निकेल या धातूच्या अ‍ॅलर्जीचं आवर्जून सांगा, कारण स्क्रू टायटॅनियमचा असला तरी वरच्या कॅपच्या धातूत निकेल असू शकतं. हे मला कुणी विचारलं नव्हतं हां, मीच विषय काढला. धातूच नको तर झिरकोनियाचे, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकचेही मिळतात, पण टायटॅनियमचा अनुभव जास्त जुना, स्वीडनच्या ब्रॅनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी पहिल्या पेशंटला बसवले ते १९६५ मध्ये.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या कागदावर नव्हतंच. पेरी-इम्प्लांटायटिस. म्हणजे इम्प्लांटभोवती घाण साचून हिरडी सुजते आणि खालचं हाड झिजत जातं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दुखत नाही, नुसतं ब्रश करताना रक्त येतं आणि आपण म्हणतो येतं कधीकधी. सिगरेट ओढणारे, शुगर कंट्रोलमध्ये नसलेले, आधीच हिरड्यांचा त्रास असलेले यांना धोका जास्त, आणि कॅप चिकटवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलं तरी हेच होतं. खालच्या जबड्यात नस असते, तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते म्हणून आधी स्कॅन. हाडं ठिसूळ होतात म्हणून काही गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर तेही लपवू नका, त्यातल्या काहींमुळे जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.

तर स्क्रू बसून तीन महिने झालेत, हाडाने धरलाय म्हणतात. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश आणलाय, पहिल्या दिवशी आरशासमोर तोंड वासून वीस मिनिटं गेली. कॅप पुढच्या महिन्यात, कोणत्या धातूची ते लिहून मागितलंय.