शंभर मिलिलिटर पाणी आणि आमची वाटचाल

आमचा व्यवसाय पाणी तपासण्याचा. सुरुवात झाली ती बॉयलर आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यापासून. कठीणपणा किती, सिलिका किती, पीएच किती, एवढं कळलं की गिऱ्हाईक खूश. पाइपात क्षार बसू नयेत, इतकीच त्याची काळजी; ते पाणी पिणारं कुणी नव्हतंच. पुढे सांडपाण्याची कामं मिळाली, मग रुग्णालयांच्या डायलिसिस विभागाचं पाणी. काम नियमित, पैसे उशिरा पण येणारे. शाश्वत विकास उद्दिष्टं वगैरे आमच्या टेबलावर येण्याचं काही कारण नव्हतं.

ती आली एका निविदेतून. घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्यांना पाण्यातले जंतू तपासायला शिकवायचं, साहित्य पुरवायचं आणि त्यांच्या निकालांची फेरतपासणी करायची, असं ते काम होतं. कागदावर एका कोपऱ्यात ‘निर्देशक ६.१.१’ असं लिहिलेलं. हा कसला क्रमांक म्हणून शोधायला बसलो आणि आमच्या धंद्याची दिशाच बदलली.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०३० पर्यंतचा आराखडा मान्य केला. त्यात १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं आणि ती मोजायला दोनशेहून जास्त निर्देशक. एवढी यादी बघून पहिल्यांदा कुणाचंही डोकं गरगरतं. गरिबी, भूक, शिक्षण, समुद्र, जंगल, न्यायव्यवस्था, सगळं एकाच कागदावर. जगाने इतकं सगळं एकदम कशाला मागावं, असं मला आजही कधीकधी वाटतं. पण छोट्या कंपनीने सतरा चौकटी भरायच्या नसतात. आम्ही एक लक्ष्य धरलं: ६.१, सर्वांना सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी. त्यातलाही आमच्या आवाक्यातला भाग एकच, पाणी खरोखर सुरक्षित आहे का ते सांगणं.

हा प्रश्न नवा होता, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. याआधीच्या सहस्रक विकास उद्दिष्टांतही पाणी होतं. सुरक्षित पाणी न मिळणाऱ्यांचं प्रमाण १९९० च्या तुलनेत २०१५ पर्यंत निम्म्यावर आणायचं होतं आणि ते २०१० मध्येच साधल्याचं जाहीर झालं, मुदतीच्या पाच वर्षं आधी. मात्र तिथे मोजला जायचा स्रोताचा प्रकार. घरात नळ, हातपंप, झाकलेली विहीर असली की खूण बरोबर. आत काय आहे, हे कुणी बघत नव्हतं. २०१५ नंतर निकष तीन झाले: पाणी घराच्या आवारात मिळावं, हवं तेव्हा मिळावं आणि त्यात विष्ठेतले जंतू किंवा आर्सेनिक, फ्लोराइडसारखी घातक रसायनं नसावीत. जुन्या मोजणीप्रमाणे २०१५ मध्ये सुमारे ६६ कोटी लोक चांगल्या स्रोतापासून वंचित होते. त्याच वर्षासाठी नव्या निकषांनी हिशेब केला तेव्हा आकडा २१० कोटींवर गेला. पाण्यात काहीही बदललं नव्हतं. फक्त विचारायचा प्रश्न बदलला होता, आणि त्या प्रश्नावर आमच्यासारख्यांना काम मिळालं.

नुसत्या स्रोताच्या प्रकारावर भरवसा ठेवला तर काय होतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण बांगलादेशचं. नदी-तळ्याच्या पाण्याने हगवण आणि पटकी पसरते म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे नळकूप खोदले गेले. जंतूंच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. जमिनीखालच्या गाळातूनच ते येत होतं आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. पुढे लाखो नळकूप तपासले गेले. मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक असलेल्या पंपाला लाल रंग, बाकीच्यांना हिरवा. त्या मोहिमेतली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हा रंगाचा डबाच आहे. निकाल पंपावरच रंगवला, की वाचता न येणाऱ्यालाही कळतो. आणि अनेक कुटुंबं खरंच शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागली. आमच्या कामात याचा पुढे फार उपयोग झाला.

आता प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण बाहेरून ती फारच सोपी वाटते. निर्जंतुक बाटली घ्यायची, तिच्यात चिमूटभर सोडियम थायोसल्फेट आधीच टाकलेलं असतं. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. बाटलीचं तोंड आणि झाकणाची आतली बाजू यांना बोट लागता कामा नये. नमुना थंड पेटीत ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत आणायचा. प्रयोगशाळा लांब असेल तर तपासणी तिथेच: बरोबर १०० मिलिलिटर पाणी एका बारीक गाळणीतून ओढून घ्यायचं, जंतू त्या पांढऱ्या चकतीवर अडकतात, चकती चिमट्याने उचलून तयार प्लेटवर ठेवायची आणि चोवीस तास उबेत ठेवायची. वीज नसलेल्या ठिकाणी ही ऊब कुठून आणायची? सर्वेक्षक प्लेटा कमरेच्या पट्ट्यात बांधून अंगाच्या उष्णतेवर वाढवतात. प्रशिक्षणात हे सांगितलं की दरवेळी हशा पिकतो आणि मग दरवेळी कुणीतरी विचारतं, “झोपताना काढायचा का?” नाही, काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चकतीवर निळे ठिपके दिसले तर ते ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे. एकही ठिपका नको, हा निकष. दहापर्यंत मध्यम धोका, शंभरापर्यंत जास्त, त्यापुढे मोजत बसण्यात अर्थ नाही. शिवाय मधूनमधून एक ‘ब्लँक’ लावावा लागतो, म्हणजे निर्जंतुक पाण्याची तशीच तपासणी. त्यावर ठिपका आला तर दोष पाण्याचा नसून आपल्या हाताचा. नवे लोक ब्लँकला वेळेचा अपव्यय समजतात. आमच्याकडे ब्लँक नसलेली पत्रकं परत जातात, मग काम कितीही घाईचं असो.

या सर्वेक्षणांत स्रोतावर एक नमुना आणि घरात पिण्याच्या पेल्यातला एक, असे दोन घेतले जातात. स्रोतावर स्वच्छ असलेलं पाणी घरात दूषित झालेलं आढळणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि हे जगभरच्या सर्वेक्षणांत दिसलेलं आहे. उघडं भांडं, आत बुडवलेला हात, पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळे भरून ठेवावा लागणारा साठा. म्हणून ‘हवं तेव्हा मिळावं’ हा निकष मला जंतूंच्या निकषाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चोवीस तास पाणी असलेल्या घरात साठवायचं कारणच उरत नाही.

पण निकाल सांगितल्यावर घरातली बाई सर्वेक्षकाला विचारते, “मग आता मी काय करू?” या प्रश्नाला पत्रकात रकाना नव्हता. सुरुवातीची काही वर्षं आम्ही हे आमचं काम नाही असं मानणाऱ्यांबरोबरच काम केलं, कारण कंत्राटं त्यांचीच होती. एका मोठ्या प्रकल्पात आमचा अहवाल वर्षभर तसाच पडून राहिला आणि मुदत संपल्यावर त्याच स्रोतांची ‘पुढची फेरी’ करायला आम्हालाच बोलावलं. आकडे जवळपास तेच आले. पैसे मिळाले, पण मला त्या बिलाचा राग आजही आहे.

त्यानंतर आम्ही करारात एक कलम घालायला लागलो: दूषित निकाल आला तर दुरुस्ती कोण करणार, त्याच्या हुद्द्यासकट नोंद हवी, आणि निकाल त्याला त्याच दिवशी जाणार. काही कामं या कलमामुळे गेली. जी राहिली त्यांत आम्ही क्लोरीनची तपासणीही शिकवायला लागलो. ती गोळी टाकून रंग बघायची तपासणी आहे. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा. ई. कोलायसाठी दिवस थांबावं लागतं, इथे मिनिटात कळतं, आणि टाकीवरचा माणूस स्वतः करू शकतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, हेही त्याला डोळ्यांनी दिसतं. विकासाच्या चर्चेत असल्या कामाला फार भाव नाही. पण नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा पाण्यावर प्रक्रिया केल्याने लहान मुलांचे मृत्यू जवळपास चौथाईने कमी होतात असं दिसलं. इतक्या थोड्या खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

मधल्या काळात एक वेगळाच ग्राहकवर्ग उगवला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर सतरा रंगांचं चक्र छापायचं आणि त्याला आधार म्हणून कुठलातरी तपासणी अहवाल जोडायचा. एका कंपनीला कारखान्यातल्या एका वॉटर कूलरचा अहवाल हवा होता आणि त्यावर ‘सहाव्या उद्दिष्टात योगदान’ असा शेरा. कूलरचं पाणी उत्तम होतं, तसं लिहून दिलं. शेरा दिला नाही. सहाव्या उद्दिष्टाशी त्या कंपनीचा खरा संबंध कारखान्याच्या मागच्या बाजूला होता, जिथून सांडपाणी बाहेर पडतं. लक्ष्य ६.३ तेच विचारतं: किती सांडपाण्यावर सुरक्षित प्रक्रिया होते आणि नदी, तलाव, भूजल यांची स्थिती काय. नदीसाठी मोजायचं फार नाही, विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता, नायट्रोजन, फॉस्फरस आणि पीएच. आणि ८० टक्के मोजमापं ठरलेल्या मर्यादेत बसली तर तो जलसाठा चांगला म्हणायचा. ही तपासणी करून घ्यायला मात्र फारसे फोन येत नाहीत.

आमच्या स्वतःच्या घरातला विरोधाभासही सांगायला हवा. सांडपाण्याचं सीओडी, म्हणजे त्यातली घाण जाळायला किती प्राणवायू लागेल याचं माप, काढायची प्रचलित पद्धत डायक्रोमेट या रसायनाची आहे. तिच्यात पाऱ्याचं संयुग लागतं, क्रोमियम लागतं. म्हणजे पाणी किती घाण आहे हे बघताना त्याहून विषारी पाणी आपणच तयार करतो. पद्धत मान्यताप्राप्त असल्यामुळे ती सोडता येत नाही. आम्ही मोठ्या फ्लास्कऐवजी छोट्या बंद नळ्यांकडे वळलो, त्यामुळे रसायन खूपच कमी लागतं, आणि वापरलेल्या नळ्या सिंकमध्ये न ओतता घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्यांकडे जातात. त्याचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवतो. काही ग्राहक त्यावर घासाघीस करतात. तिथे आम्ही सवलत देत नाही.

कामाच्या ओघात दुसरी उद्दिष्टंही आपसूक येऊन चिकटली. पाणी घराबाहेरून आणावं लागतं अशा दहापैकी सात घरांत ते बायका आणि मुली आणतात. त्यामुळे नमुना घेताना ‘आणायला किती वेळ लागतो’ हे विचारणं म्हणजे पाचव्या, स्त्री-पुरुष समानतेच्या उद्दिष्टाचीच मोजणी. जाऊन-येऊन तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर स्रोत कितीही चांगला असला तरी ती सोय ‘मर्यादित’ या खालच्या पायरीवर धरतात. आमच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आधी शेवटी घाईत उरकला जायचा, आता तो पहिल्या पानावर आहे.

२०२५ हे वर्ष आमच्या क्षेत्राला जड गेलं. अमेरिकेने परदेशी मदत आवरती घेतली आणि १९८४ पासून अनेक देशांत आरोग्याची मोजणी करणारा डीएचएस सर्वेक्षण कार्यक्रम त्यात अडकला. त्याच वर्षीच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात ज्या लक्ष्यांची माहिती आहे त्यातली जेमतेम ३५ टक्के योग्य मार्गावर किंवा बऱ्यापैकी पुढे सरकत असल्याचं म्हटलं, आणि १८ टक्के २०१५ च्याही मागे गेलेली. सुरक्षित पिण्याचं पाणी न मिळणाऱ्यांचा आकडा अजून २०० कोटींच्या वरच आहे. २०३० ला सगळं होईल असं आमच्या प्रयोगशाळेत कुणीच म्हणत नाही. सर्वेक्षणाची कामं कमी झाली, तेव्हा बॉयलरच्या जुन्या गिऱ्हाइकांनीच पगार निघू दिले. त्यांना या सगळ्याचा पत्ताही नसेल.

सध्या आम्ही फ्लोराइड आणि आर्सेनिकच्या तपासण्या वाढवतो आहोत, आणि आरोग्य केंद्रांच्या पाण्याचं काम घेतलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०१९ मध्ये पहिल्यांदा याची जागतिक मोजदाद केली, तेव्हा चारपैकी एका आरोग्य केंद्रात पाण्याची मूलभूत सोय नव्हती. प्रत्येक तपासलेल्या नळाशेजारी आता आम्ही एक पत्र्याची पाटी लावतो: तारीख, निकाल लाल किंवा हिरव्या रंगात, आणि दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा. हुद्दा लिहायला काही अधिकारी अजून नाखूश असतात. त्यांच्याकडचं काम आम्ही पाटी लागेपर्यंत सुरू करत नाही.